घरपोच पिझ्झा, हमाली आणि पोस्त

मागील पावसाळ्यातील गोष्ट. एका सायंकाळी आमच्या बरखेड्यात पावसाने असा काही जोर धरला होता की, समोरच्या ओळीतील क्वार्टर दिसेनासे झाले. त्यातच धाकट्या भाच्याचा वाढदिवस होता आणि त्याने पिझ्झ्याचा हट्ट धरला होता. घरातून बाहेर पडण्याची सोय नव्हती. तेव्हा मोबाइलवर मागणी नोंदवली. अर्ध्या तासात जिन्नस दारात येईल, असे उत्तर आले. अर्धा तास गेला, तास गेला. सव्वा तास होत आला तेव्हा मी रागावून तक्रार नोंदवून टाकली, आणि नेमकी त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली.

दारात विशीचा एक मुलगा उभा होता. फरशी ओली होऊ नये म्हणून त्याने बूट बाहेरच काढून ठेवले होते. पेटी हातात देताना तो एवढेच म्हणाला, "अंकल, कंप्लेंट मत करना. दुकानपे ही बहुत देर लगी." आता काय सांगणार त्याला? भाच्याच्या आईने बिलावर नजर टाकली. त्यात पदार्थाच्या किमतीखाली पाच-सहा ओळी होत्या आणि शेवटची ओळ पावसाच्या जादा आकाराची होती. तिने सहज विचारले, "बाळा, यातले तुला किती मिळणार?" प्रश्न अगदी साधा होता; परंतु त्याचे उत्तर त्या मुलाला ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही नव्हते.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता जे हाती आले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम बिलाचीच चिरफाड करू. सोयीसाठी असे समजा की, पिझ्झ्याची किंमत ३०० रुपये आहे आणि खोक्याचे व बांधणीचे २० रुपये. या ३२० रुपयांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १६ रुपये. पुढे पोचवण्याचे शुल्क ३० रुपये आणि 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून १० रुपये. या ४० रुपयांवर १८ टक्के कर, म्हणजे ७ रुपये २० पैसे. एकूण झाले ३८३ रुपये २० पैसे. आकडे मी कल्पनेने घेतले आहेत. पण ओळी खऱ्या आहेत. त्यांतील प्लॅटफॉर्म फीची ओळ तर अगदी अलीकडची. स्विगी आणि झोमॅटो या दोन मोठ्या कंपन्यांनी ती २०२३ साली प्रत्येक मागणीमागे केवळ २ रुपये इतकी सुरू केली. दोन रुपयांसाठी कोण कटकट करतो? कोणी केली नाही, आणि ती पायरीपायरीने वाढत गेली; २०२४ च्या दिवाळीच्या हंगामात ती १० रुपयांवर पोचली होती. पोचवण्याच्या शुल्कावरील करही नवा आहे. अशा कंपन्यांमार्फत होणाऱ्या पोचवणीवर त्याची निश्चित आकारणी २२ सप्टेंबर २०२५ पासून झाली.

आता हा पैसा कोणाच्या खिशात जातो? कर सरकारात जातो, हे उघड आहे. पदार्थाची किंमत दुकानदाराची, असे आपण समजतो. परंतु मागणी मिळवून दिल्याबद्दल कंपनी त्यातून आपला हिस्सा कापून घेते. तो बहुधा पाचव्या-चौथ्या भागाच्या आसपास असतो. म्हणूनच कित्येक दुकानदार मोबाइलवरील दरपत्रकात तोच पदार्थ थोडा महाग लावतात. प्लॅटफॉर्म फी सबंध कंपनीची. उरले पोचवण्याचे शुल्क. आणि येथेच आपली सर्वांची फसगत होते. आपल्याला वाटते की, पोचवण्याचे तीस रुपये म्हणजे पोचवणाऱ्याचे तीस रुपये. तसे नाही. त्याची मजुरी निराळ्या हिशेबाने ठरते. अंतर किती, वेळ कोणती, मागणीची गर्दी किती, दिवसभरात किती फेऱ्या झाल्या, पाऊस आहे की नाही, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. ग्राहकाकडून तीस रुपये घेतले तरी त्याची मजुरी त्याहून अधिक असू शकते वा कमीही असू शकते. 'मोफत पोच' असे लिहिलेले असते तेव्हाही त्याला मजुरी मिळतेच. मोफत असते ती आपल्याला, आणि तीही वरवर. तो खर्च सभासदत्वाच्या वर्गणीतून, दुकानदाराच्या हिश्श्यातून वा पदार्थाच्या किमतीतून निघतो. थोडक्यात, ग्राहक भरतो ती रक्कम आणि मजुराला मिळते ती रक्कम यांमध्ये एक भिंत आहे, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांना पलीकडचे दिसत नाही.

बक्षिशीचा सारा वाद या भिंतीपायी उत्पन्न होतो. आमच्या ओळीतील शेजाऱ्यांशी बोललो, तेव्हा प्रत्येकाचे मत निराळे निघाले. एक गृहस्थ म्हणाले, "पोचवण्याचे शुल्क भरले, वर प्लॅटफॉर्मचे भरले, पावसाचेही भरले, आता पुन्हा बक्षिशी कशाची? टपालाचे तिकीट लावल्यावर आपण पत्रपेटीत सुटे पैसे टाकतो काय?" त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. त्यांच्या पत्नीचे मत नेमके उलट होते. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येणाऱ्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे तिच्या जिवावर येते. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "बक्षिशी आधीच द्यायला लावतात, हे मला पटत नाही. काम व्हायच्या आत दिले ते बक्षीस कसले? ती तर चिरीमिरी झाली." हा मुद्दा मला विशेष मार्मिक वाटला. मोबाइलवर मागणी नोंदवतानाच वीस, तीस, पन्नास अशा चौकटी पुढे येतात. माणसाचा चेहरा दिसण्यापूर्वीच औदार्य दाखवायचे असते. त्यापेक्षा दारात आल्यावर हातात नोट देणे तिला बरे वाटते. आणखी एक मत असे पडले की, हा सारा आळसाचा पसारा आहे. विजय मार्केटपर्यंत चालत जावे आणि हवे ते घेऊन यावे. हे मत देणारे गृहस्थ स्वतः मात्र दर शनिवारी इडली-डोसा घरी मागवतात, असे त्यांच्या मुलाने मला मागाहून सांगितले.

आपल्या भाषेत अशा देण्याला किती शब्द आहेत, पाहा. बक्षिशी हा शब्द फारसीतून आला. तोच पुढे इंग्रजांनीही उचलला. खुशीने दिली ती खुशाली, लपवून दिली ती चिरीमिरी. ओझे उचलल्याबद्दल ठरलेले मिळते ती हमाली. आणि वर्षभर दारी येणाऱ्या पोस्टमनला, रखवालदाराला, कचरा नेणाऱ्याला सणाच्या दिवशी देतात ती दिवाळीची पोस्त. या शब्दांतील अंतर बारीक आहे, पण खरे आहे. हमाली हक्काची असते. ती मागताना मान खाली घालावी लागत नाही. खुशालीवर हक्क नसतो. आणि पोस्त या दोहोंच्या मधली: कायद्याने हक्काची नाही, परंतु न देणाऱ्या घराची वाड्यात चर्चा होई.

हे ध्यानात ठेवून आपल्याच महाराष्ट्रातील एक नमुना पाहू. मुंबईचे डबेवाले हे घरपोच अन्नाचे, किंबहुना 'घरून पोच' अन्नाचे, आद्य कारागीर होत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुमारे शंभर माणसे हाताशी धरून हा व्यवसाय उभा केला, असे मानतात. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांची माणसे त्यात आली. १९५६ साली त्यांची नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ही धर्मादाय संस्था रीतसर नोंदली गेली. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे व आकडे असतात: डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर द्यायचा, एवढे सारे त्या चार खुणांत मावते. त्यांची कीर्ती सातासमुद्रापलीकडे गेली. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी मुंबईत त्यांची भेट घेतली, आणि २०१० साली हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाने त्यांच्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षावधी डब्यांत एखादाच चुकतो, अशी आकडेवारी त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. तिच्यावर मी फारसा विसंबणार नाही. कौतुकाच्या भरात आकडे फुगतात. मला त्यांच्या हिशेबाचे अधिक कौतुक वाटते.

तो हिशेब असा. ग्राहक दरमहा एक ठरावीक रक्कम देतो. अंतर अधिक असल्यास ती थोडी अधिक. डबेवाल्यांच्या टोळ्या असतात आणि प्रत्येक टोळीला एक मुकादम असतो. टोळीची मासिक मिळकत एकत्र होते, सायकली, हातगाड्या, रेल्वेचे पास, संघटनेची वर्गणी असा खर्च वजा होतो आणि उरलेले सर्वांत वाटले जाते. वर मालक कोणी नाही. डबेवाला हाच हिस्सेदार. त्यामुळे ग्राहकाने दिलेला रुपया आणि डबेवाल्याच्या पदरात पडणारा रुपया यांमध्ये भिंत नाही. दिवाळीच्या महिन्यात ग्राहक एका महिन्याचे पैसे जादा देतात, अशी रूढी आहे. ही झाली पोस्त. वर्षभर तोच माणूस, तीच वेळ, तीच पांढरी टोपी. म्हणून ती द्यावीशी वाटते आणि घेणाऱ्याला संकोच होत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लोकलगाड्या बंद झाल्या, तेव्हा हा सारा व्यवहार एकदम ठप्प झाला. कित्येक डबेवाले गावी परतले. पुढे कचेऱ्यांतून घरूनच काम करण्याची रीत पडली, आणि डब्यांची संख्या पूर्वीइतकी राहिली नाही. तेव्हा डबेवाल्यांची पद्धत सर्वगुणसंपन्न होती असे मी म्हणत नाही. आजाराच्या वा संकटाच्या काळी त्यांनाही आधार तोकडाच पडला. परंतु आपला पैसा कोणाला जातो, हे त्यांच्या ग्राहकाला ठाऊक होते.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिका आहे. पिझ्झा घरी पोचवण्याचा धंदा तेथेच भरभराटीस आला. डॉमिनोज या कंपनीचे पहिले दुकान मिशिगन राज्यात १९६० च्या डिसेंबरात निघाले. मौज अशी की, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी आमच्या भोपाळचा अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वसाहती त्याच कारखान्याच्या आश्रयाने वाढल्या. त्या महिन्यात येथे कोणाला सांगितले असते की, एक दिवस याच वसाहतीत रात्री दहा वाजता इटालीची भाकरी मोटरसायकलवरून येईल, तर तो हसला असता!

असो. अमेरिकेत त्या कंपनीच्या खोक्यांवर एक सूचना छापलेली असते: पोचवण्याचे शुल्क ही चालकाला दिलेली बक्षिशी नव्हे. म्हणजे भिंत तेथेही आहेच. फरक इतकाच की, ती आहे असे खोक्यावर लिहून ठेवतात. याचे कारण त्यांच्या कायद्यात आहे. ज्यांना बक्षिशी मिळते अशा नोकरांना मालकाने तासाला किमान २ डॉलर १३ सेंट रोख दिले तरी चालते, असा तेथील संघराज्याचा नियम आहे. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. मधले अंतर बक्षिशीने भरून निघावे आणि न निघाल्यास मालकाने भरावे, अशी ही योजना. काही राज्यांनी मात्र आपापले अधिक कडक नियम केले आहेत. पाहुण्याच्या खुशीवर पगार अवलंबून ठेवला की खुशीची सक्ती होते. त्यामुळे तेथील ग्राहक कुरकुरतो आणि चालकही कुरकुरतो, आणि दोघेही एकमेकांवरच. जपानात याच्या उलट: तेथे बक्षिशी देण्याची रीतच नाही, दिल्यास घेणारा गोंधळून जातो; कामाचे मोल किमतीतच धरलेले असते.

अर्ध्या तासाच्या हमीची कथाही याच देशातील. 'तीस मिनिटांत न आल्यास पिझ्झा फुकट' असे वचन डॉमिनोजने १९७९ च्या सुमारास देण्यास आरंभ केला. ग्राहक खूश झाले. घड्याळ लावून दाराशी बसू लागले. परंतु मोटारींचे अपघात होऊ लागले, खटले उभे राहिले, आणि १९९३ साली सेंट लुइस येथील ज्यूरीने एका जखमी स्त्रीला सात कोटी डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. त्यानंतर कंपनीने तेथील हमी मागे घेतली. ती कंपनी १९९६ साली दिल्लीत पहिले दुकान उघडून भारतात आली, आणि ही हमी पुष्कळ वर्षे येथेही चालली. पुढे किराणा मालाच्या कंपन्यांनी तीस मिनिटांवरून दहा मिनिटांवर उडी घेतली. १० मिनिटांत मूठभर कोथिंबीर मिळाली नाही म्हणून कोणाचे जेवण अडले आहे, हे मला अजून समजलेले नाही. ३१ डिसेंबर २०२५ रोजी अनेक शहरांतील पोचवणाऱ्यांनी काम बंद ठेवले, त्यांच्या मागण्यांत ही दहा मिनिटांची घाई थांबवावी, हीही एक मागणी होती.

त्या संपानंतर चर्चा बरीच झाली, आणि तिच्यातून काही आकडे बाहेर आले. झोमॅटोच्या प्रमुखांनी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले की, २०२५ साली त्यांच्या पोचवणाऱ्याची मिळकत बक्षिशी वगळून तासाला सरासरी १०२ रुपये होती, आणि बक्षिशी मिळते ती केवळ ५ टक्के मागण्यांवर. हा हिशेब कंपनीचा आहे, आणि त्यातून पेट्रोल व गाडीची डागडुजी मजुराने स्वतःच करायची असते. संघटनांनी या आकड्यांवर आक्षेपही घेतले. तरी कंपनीचाच आकडा धरू. दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम केले, तर १०२ रुपयांप्रमाणे २६,५२० रुपये होतात. गाडीचा खर्च पाचवा हिस्सा धरला तर सुमारे २१,००० उरतात. रजा नाही, आजारीपणाचा पगार नाही, आणि तासांचा भरवसा नाही. अमेरिकेत बक्षिशी हा पगाराचा भाग झाला आहे. आपल्याकडे वीस फेऱ्यांत एखादीलाच ती मिळते. तेव्हा ज्यांना वाटते की आपण न दिले तरी बाकीचे देतच असतील, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

कायदा या बाबतीत हळूहळू चालतो आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे फुटकळ कामाचे मजूर ७७ लाख असल्याचा अंदाज दिला होता, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले होते. राजस्थानने २०२३ साली त्यांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यात या कामगारांची प्रथमच व्याख्या केली आहे आणि कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीचा १ ते २ टक्के भाग त्यांच्या निधीत द्यावा, अशी तरतूद आहे. उपाहारगृहांचा प्रश्न यापेक्षा लवकर सुटला. तेथे बिलातच 'सेवा आकार' परस्पर लावला जाई. ग्राहक-संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. तेव्हा जेवायला बसलेल्या माणसाकडून खुशाली सक्तीने घेता येत नाही, एवढे तरी ठरले.

पुन्हा बरखेड्याकडे येतो. माझ्या तक्रारीबद्दल कंपनीने दुसऱ्याच दिवशी काही रुपये माझ्या खात्यात परत जमा केले. मी त्यांना लिहून विचारले की, हे पैसे दुकानदाराकडून घेतले, त्या मुलाकडून घेतले की तुम्ही सोसले? उत्तर अतिशय नम्र आले. त्यात माझ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या मुलाच्या नावापुढे चार तारे कमी पडले की काय, हेही कळले नाही. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. तेव्हापासून उशीर झाला तरी दार उघडून कारण विचारल्यावाचून मी तक्रार करीत नाही. उशीर पुष्कळदा भट्टीपाशी झालेला असतो, रस्त्यात नव्हे. आणि घराचा नंबर, सेक्टर व जवळची खूण नीट लिहितो. आमच्या वसाहतीत सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. रात्री एकेक घर शोधण्यात त्या मुलांची दहा दहा मिनिटे जातात, आणि त्या दहा मिनिटांचे त्यांना कोणी काही देत नाही.

आमच्या शेजारचे आजोबा विदर्भातून कारखान्यात नोकरीसाठी आले, ते येथलेच झाले. त्यांच्या दारी पोस्टमनची पोस्त कधी चुकली नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी नेहमीप्रमाणे लिफाफे तयार केले. त्यांतील एकावर 'जेवण आणणारा' असे लिहिले आणि आत पाचशे रुपये ठेवले. पण दर खेपेला नवाच मुलगा येई. वर्षभराची पोस्त एकाच खेपेच्या मुलाला कशी द्यावी, हे त्यांना उमजेना. लिफाफा आठवडाभर देव्हाऱ्यापाशी पडून राहिला. अखेर त्यांनी नातवाला विजय मार्केटात पाठवून पाचशेची नोट मोडून आणली. आता दाराजवळच्या खुंटीखाली एक स्टीलची वाटी असते, तिच्यात वीस-वीसच्या नोटा असतात, आणि घंटा वाजली की नातू आधी त्या वाटीकडे धावतो.